मिलानचं रिकोर्दी आर्काइव्ह : जाऊन बघण्यासारखं आहे का?

तंबोरा_उतरलेला

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने मिलानला दहा दिवस जाणं आहे, त्यात मधला शनिवार, रविवार आणि सोमवार मोकळा आहे. मी स्वतः हिंदुस्तानी शिकलोय आणि तेही अर्ध्यात सोडलंय, पण मुलगी पुण्यात तीन वर्षं वेस्टर्न व्होकल शिकतेय आणि तिच्यापायी घरात सकाळ-संध्याकाळ पुचिनी चालू असतो, समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंना पण आता पाठ झालाय. तर तिच्या नोटेशनच्या प्रत्येक पुस्तकावर रिकोर्दी, मिलानो असं छापलेलं असतं. शोधलं तर कळलं की या प्रकाशकाकडे गेल्या दोनशे वर्षांतल्या ऑपेरांच्या मूळ हस्तलिखितांचं मोठं आर्काइव्ह आहे, वेर्दी पुचिनी सगळे.

मला विचारायचंय की माझ्यासारख्या साध्या माणसाला ते बघायला मिळतं का, का फक्त प्रोफेसर लोकांना. आणि मुलीला घरबसल्या काही बघता येईल का? मागे एका साइटवरून तिच्यासाठी स्कोअर म्हणजे नोटेशनचं पुस्तक मागवलं तर झेरॉक्सचं बाड आलं, दोन पानं उलटी आणि एक पान गायबच, म्हणून जरा सावध आहे. आणि अजून एक, खरं तर हेच डोक्यात घोळतंय, की या लोकांनी एवढं सगळं जपलं कसं? आपल्याकडे संगीत नाटकांच्या चाली कंपनीतल्या पेटीवाल्याच्या डोक्यात असायच्या, तो गेला की चाल गेली. तिथे काय सगळेच शिस्तीचे होते का?

चहाबाज

शिस्त कसली साहेब, इटलीत राहून आलेल्या कुणालाही विचारा :) तिथली आणि आपली एसटी सारखीच. बाकी दुसऱ्या महायुद्धात मिलानवर बॉम्ब पडले तेव्हा ते सगळं जळून गेलं असं कुठेतरी वाचलेलं, आता जे आहे ते नंतर नकलून काढलेलं असेल.

पाठभेद

चहाबाज, जळलं ते वेगळं. १९४३ च्या ऑगस्टमध्ये मिलानवर जबरदस्त बॉम्बफेक झाली, ला स्काला थिएटरचं छप्पर कोसळलं, रिकोर्दीच्या इमारतीचंही नुकसान झालं. पण मूळ हस्तलिखितं आधीच शहराबाहेर सुरक्षित जागी नेऊन ठेवली होती, म्हणून ती वाचली. नकला नाहीत, खुद्द वेर्दीच्या हातचे कागद आहेत.

आता मूळ प्रश्न, जपलं कसं. याचं उत्तर शिस्त नाही, धंदा आहे, आणि तो धंदा कळला की सगळंच कळतं म्हणून जरा लांबण लावतो.

जोव्हान्नी रिकोर्दी हा माणूस मुळात नकलनवीस. व्हायोलिन वाजवायचा, ते पण कठपुतळ्यांच्या थिएटरात, आणि पोटासाठी ऑपेराच्या नोटेशनच्या प्रती हाताने लिहून द्यायचा. तेव्हा नवीन ऑपेरा लागला की गायकाला त्याचं त्याचं, व्हायोलिनवाल्याला त्याचं त्याचं, असे शेकडो पानांचे पार्ट कुणीतरी बसून लिहायला लागायचे, ते काम याचं. १८०७ मध्ये हा लाइपझिगला गेला, तिथल्या ब्राइटकोप्फ उंड हेर्टेल या प्रकाशकांकडे नोटेशन छापायची कला शिकला आणि परत येऊन १८०८ मध्ये मिलानमध्ये स्वतःची कंपनी काढली. मग ला स्कालाशी करार केला आणि डोकं असं चालवलं की नकलेच्या कामाचे पैसे घेण्याऐवजी किंवा कमी घेऊन संगीताचे हक्क मागायचे. १८२५ मध्ये तर ला स्कालाच्या नोटेशनचा जुना साठाच विकत घेतला. थिएटरवाल्यांना ती अडगळ वाटत होती, एकदा सीझन संपला की जुना ऑपेरा कोण ऐकतो!

आणि खरी गोम पुढे आहे. गायक-पियानोची छोटी आवृत्ती, घरी बसून वाजवायची, ती रिकोर्दी कुणालाही विकायचा, ढिगाने. पण पूर्ण ऑर्केस्ट्राचा स्कोअर बराच काळ विकायचाच नाही. तो भाड्याने. नेपल्सच्या थिएटरला करायचाय, पैसे भरा, हस्तलिखित प्रत न्या, प्रयोग झाले की परत करा. कारण प्रत एकदा बाहेर विकली की पुढच्या गावात तिची नक्कल निघणार. तेव्हा इटली हा एक देश नव्हताच, सात-आठ राज्यं, कॉपीराइट एका राज्यात तर दुसऱ्यात नाही. १८४० मध्ये ऑस्ट्रिया आणि सार्डिनिया यांच्यात करार झाला, बाकीची बरीचशी राज्यं त्यात आली, नेपल्स मात्र आलं नाही, आणि नेपल्समध्ये चोरटा माल जोरात. ते लोक काय करायचे, बाजारातली पियानोची आवृत्ती घ्यायची, गावातल्या एखाद्या मास्तरला बसवायचं आणि त्याच्याकडून वाद्यं भरून घ्यायची. लोकांनी बेल्लिनी या संगीतकाराचा ऑपेरा म्हणून जे ऐकलं त्यात बेल्लिनीची वाद्यं किती आणि मास्तरची किती देव जाणे.

तर अशा बाजारात मूळ हस्तलिखित म्हणजे सातबारा. तो हातात आहे तोवर शेत तुमचं. म्हणून ते कपाटात कुलूपबंद राहिलं. आपल्याकडे घराण्यांत चीज लपवायचे, अंतरा दुसऱ्यासमोर गायचाच नाही, तसंच हे, फरक एवढाच की उस्तादांनी चीज डोक्यात कुलूपबंद केली आणि याने कागदावर.

ओवी_मिलानहून

वा पाठभेद, मी इथे सहा वर्षं राहते आणि मला पण भाड्याचं माहीत नव्हतं.

तंबोरा दादा, प्रॅक्टिकल सांगते. आर्काइव्ह मिलानच्या ब्रेरा भागात आहे, व्हिया ब्रेरा २८, त्याच जुन्या वाड्यात जिथे ब्राइदेन्से नावाचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि वर पिनाकोतेका म्हणजे चित्रांचं म्युझियम. २००३ पासून ते तिथे हलवलंय. पण म्युझियमसारखं तिकीट काढून आत जायचं असं नाहीये, अभ्यासासाठी आधी मेल करून वेळ ठरवावी लागते, काय बघायचंय ते नेमकं सांगावं लागतं. मूळ कागद हातात मिळेल या आशेवर जाऊ नका. तुमचा सोमवार मोकळा आहे ना, तर मेल आत्ताच टाका, इंग्लिशमध्ये चालतं, आणि "माझी मुलगी गाते" एवढं लिहू नका, नेमक्या ऑपेराचं नाव लिहा. पिनाकोतेका मात्र सोमवारी बंद असते, ती शनिवारी करून घ्या.

मूळ पान बघायला नाही मिळालं तरी हरकत नाही, ला स्कालाला लागूनच तिचं म्युझियम आहे, ते करा. आणि पियात्सा बुओनारोत्तीला कासा वेर्दी, हे माझ्या आवडीचं. वेर्दीने म्हाताऱ्या, पैसे नसलेल्या संगीतकारांसाठी बांधलेलं घर, आजही चालू आहे, तो आणि त्याची बायको तिथेच खाली पुरलेत. आणि आत्ता पाठभेदांचं वाचून ट्यूब पेटली, या घराला वेर्दीने मृत्युपत्रात आपल्या ऑपेरांची रॉयल्टी ठेवली होती. म्हणजे कुठल्यातरी गावातल्या थिएटरने रिकोर्दीला भाडं भरलं की त्यातून इथल्या एखाद्या म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याचं सूप यायचं!! कॉपीराइट संपेपर्यंत, १९६० च्या दशकापर्यंत चाललं हे.

मुलीसाठी: आर्काइव्हचं डिजिटल कलेक्शन आहे, फुकट, त्यात पत्रं, स्टेजची आणि कपड्यांची चित्रं, जुने फोटो भरपूर. कपड्यांची चित्रं तर बघाच, कापडाचा पोत, टोपीचं पीस, बुटाची बकल, सगळं रंगवलेलं, बाजूला शिंप्यासाठी सूचना. तिला गायचं असेल तर छापील जुने स्कोअर आयएमएसएलपी नावाच्या नोटेशनच्या साइटवर फुकट मिळतात, पुचिनी १९२४ मध्ये गेला त्यामुळे कॉपीराइटची भानगड नाही. परत झेरॉक्सवाल्याला पैसे देऊ नका.

तंबोरा_उतरलेला

ओवी ताई खूप आभार, मेल आजच टाकतो. पाठभेद, सातबारा एकदम पटलं, पण मग आता तर सगळं छापून झालंय, फुकट पण मिळतं, मग त्या मूळ कागदांचा उपयोग काय? फक्त दर्शनाला?

पाठभेद

नाही हो, उलट खरं काम छापल्यानंतरच सुरू झालं. छापील म्हणजे बरोबर असं धरूनच दीड-दोन पिढ्या ऑपेरा वाजत होता. भाड्याच्या प्रतींवर प्रत्येक कंडक्टर, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणारा, पेन्सिल चालवणार, गायिका म्हणणार हा वरचा सूर झेपत नाही, ते बदल पुढच्या नकलेत पक्के होणार, नकलनवीसही माणूसच, रात्री दिव्याखाली एखादी खूण सुटणार. १९५० च्या दशकाच्या शेवटी डेनिस व्हॉन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन कंडक्टरने वेर्दीचा फालस्टाफ हा ऑपेरा आणि रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, मूळ हस्तलिखित आणि छापील समोरासमोर ठेवून वाचले आणि जाहीर केलं की हजारो ठिकाणी फरक आहे. मोठा गदारोळ. प्रकाशक चिडले, बडे कंडक्टर चिडले की आम्ही काय आयुष्यभर चुकीचं वाजवलं का. त्यातले पुष्कळ फरक एखादा ठिपका, एखादी जोडरेघ असे बारीक होते हे खरं, पण ठिणगी पडली.

पुढे रिकोर्दी आणि शिकागो युनिव्हर्सिटी प्रेसने मिळून वेर्दीच्या सगळ्या कामाची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली, पहिला खंड १९८३ मध्ये, रिगोलेत्तो. भांडारकर संस्थेने महाभारताची केली तशी समजा, सगळ्या प्रती गोळा करायच्या, पाठभेद तळाला द्यायचे. फक्त इथे व्यासांच्या हातची प्रत कपाटात आहे, तेवढं सुख.

आणि वेर्दीच्या हातच्या पानात काय दिसतं ते सांगतो, मी प्रतिकृतीच बघितल्यात पण त्यातसुद्धा कळतं. पहिली गंमत, वाद्यांचा क्रम आजच्यासारखा नाही. व्हायोलिन सगळ्यात वर, मध्ये फुंकवाद्यं, आणि गायकाची ओळ पार खाली, चेलो आणि बासच्या डोक्यावर. म्हणजे गाणं आणि खर्ज शेजारी शेजारी. आपण तंबोऱ्याला कान लावून गातो ना, तसं. दुसरं म्हणजे एकाच पानावर शाईच्या दोन छटा. वेर्दी आधी फक्त सांगाडा लिहायचा, गळ्याची ओळ, खालचा बास, आणि मध्ये एखाद्या वाद्याचा महत्त्वाचा तुकडा. बाकी पान कोरं. तेवढं नकलनवीसाकडे जायचं, तो गायकांचे पार्ट काढायचा, तालमी सुरू व्हायच्या, आणि मग पान वेर्दीकडे परत, मग तो वाद्यं भरायचा, पुष्कळदा तालमी बघत बघत. म्हणून त्या पानाकडे बघून सांगता येतं की काय आधी सुचलं आणि काय नंतर. चूक झाली तर चाकूने कागद खरवडून त्यावरच लिहायचा, खरवडलेल्या जागी शाई जरा फुटलेली असते. हे छापील पानात कुठून दिसणार?

पुचिनीचं अक्षर म्हणजे डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन. तुरांदोत हा शेवटचा ऑपेरा अर्धा टाकून तो नोव्हेंबर १९२४ मध्ये ब्रुसेल्सला वारला, घशाच्या कॅन्सरच्या उपचाराला गेला होता. शेवटच्या प्रसंगाचे नुसते खर्डे राहिले. त्यात एका ठिकाणी लिहिलंय "पोई त्रिस्तानो", म्हणजे "मग त्रिस्तान". वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या त्रिस्तान ऑपेरासारखं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं, काय ते आता कुणालाच कळणार नाही. फ्रांको अल्फानो या दुसऱ्या संगीतकाराने ते जमेल तसं पुरं केलं आणि एप्रिल १९२६ मध्ये ला स्कालाला पहिल्या प्रयोगात लिऊ ही नाटकातली दासी मरते तिथे कंडक्टर तोस्कानिनीने छडी खाली ठेवली, पुढचं वाजवलंच नाही त्या रात्री. ते खर्डे याच आर्काइव्हमध्ये आहेत. दादा, मेलमध्ये एकच गोष्ट मागायची झाली तर ही मागा.

चहाबाज

बॉम्बचं माझं चुकलं, मान्य. पण एक कळलं नाही, इटलीतले सगळेच ऑपेरा काय या एकाच दुकानात?

पाठभेद

सगळे नाहीत, पण भरपूर. सुमारे ७,८०० हस्तलिखित स्कोअर, सहाशेच्या वर ऑपेरा, दहा हजारांच्या आसपास लिब्रेटो म्हणजे नाटकाच्या संहितेच्या पुस्तिका, पत्रं तर विचारू नका. वेर्दीच्या २८ पैकी २३ ऑपेरांची हस्तलिखितं आणि पुचिनीचे एक सोडून सगळे. तो एक, ला रोंदिने, प्रतिस्पर्धी सोन्झोन्योने छापला म्हणून हातचा गेला. १८८८ मध्ये तर रिकोर्दीने लुक्का नावाची अख्खी कंपनीच गिळली, तिच्यासोबत वाग्नरचे इटलीतले हक्क आले, आणि गंमत अशी की तेव्हाचा मालक जुलिओ रिकोर्दी वाग्नरच्या नावाने बोटं मोडणारा!

बाहेर आहे ते असं, रॉसिनीचा बार्बर बोलोन्यात, बेल्लिनीची नोर्मा रोममध्ये, आणि दोनिझेत्तीच्या एलिझीरचा पहिला अंक नेपल्सला तर दुसरा बेर्गामोला. भावाभावांत वाटणी झाल्यासारखं. आणि सगळ्यात नशीबवान विवाल्दी. त्याची हस्तलिखितं जवळजवळ दोनशे वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हती, १९२६ मध्ये एका मिशनरी शाळेला दुरुस्तीसाठी पैसे हवे होते म्हणून जुनी बाडं विकायला काढली, तुरिनच्या ग्रंथालयाने माणूस पाठवला, तर आत विवाल्दी! सरकारकडे पैसे नाहीत, मग फोआ नावाच्या गृहस्थाने आपल्या मेलेल्या तान्ह्या मुलाच्या नावाने ती विकत घेऊन ग्रंथालयाला दिली. बघितलं तर अर्धंच, म्हणजे उरलेला अर्धा भाग दुसऱ्या कुणाच्या घरात. तो शोधून काढला, १९३० मध्ये जोर्दानो नावाच्या कारखानदाराने तो घेतला, आणि काय योग बघा, त्याचाही लहान मुलगा गेलेला. आज तुरिनमध्ये ते दोन्ही संग्रह त्या दोन मुलांच्या नावाने आहेत, माउरो आणि रेन्झो.

रिकोर्दी कुटुंब १९१९ मध्ये धंद्यातून बाहेर पडलं, १९९४ मध्ये जर्मनीच्या बेर्टेल्समानने कंपनी घेतली, नंतर संगीत प्रकाशन युनिव्हर्सलला विकलं पण आर्काइव्ह विकलं नाही. म्हणजे आजचा सातबारा जर्मनाच्या नावावर आहे, शेत दुसराच कसतो :)

म्हापसेकर

मी इथे फक्त वाचायला येतो, पण नकलनवीस वाचून राहवलं नाही. माझे काका मूळ म्हापशाचे, चर्चच्या शाळेत मेस्त्री म्हणजे संगीताच्या मास्तरच्या हाताखाली सोल्फेज म्हणजे नोटेशन वाचून गाणं आणि व्हायोलिन शिकले आणि पन्नासच्या दशकात मुंबईला गेले, धोबी तलावच्या कुडात राहायचे, गावच्या लोकांचं क्लब असतं ते. सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्या रांगेत वाजवायचे. पण त्यांचं अक्षर छान म्हणून अरेंजर त्यांना पार्ट काढायला पण द्यायचे. संध्याकाळी स्कोअर यायचा, सकाळी नऊला रेकॉर्डिंग, रात्रभर कंदिलाखाली, लाइट नाही म्हणून नव्हे, कुडात बाकीचे झोपलेले म्हणून, वीस-पंचवीस पार्ट लिहायचे. सकाळी स्टँडवर लावायचे, गाणं दोन-चार टेकमध्ये व्हायचं, आणि मग?

मग काही नाही. कागद तिथेच स्टँडवर राहायचे. कुणी मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब लिहायचं, बाकी रद्दी. काका म्हणायचे की आमचं गाणं रेडिओवर लागतं आणि आमचा कागद भेळवाल्याकडे. ते हसत सांगायचे, मला लहानपणी विनोद वाटायचा. पाठभेदांनी म्हटलं तसं भाड्याने देण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं ना, गाणं तबकडीवर गेलं की कागदाचा धंदा संपला. रिकोर्दीकडे तबकडी नव्हती म्हणून कागद राहिला.

ओवी_मिलानहून

म्हापसेकर, तुमच्याकडे एखादं पान तरी राहिलंय का हो काकांच्या हातचं?

तंबोरा_उतरलेला

हो सांगा ना. आणि तुरांदोतच्या खर्ड्यांसाठी मेल टाकलाय, सोमवार मागितलाय. मुलीला "पोई त्रिस्तानो" सांगितलं तर ती दहा मिनिटं गप्प होती, घरात हे प्रथमच घडलं.

म्हापसेकर

काल रात्री काकांची व्हायोलिनची पेटी माळ्यावरून काढली. धनुष्याच्या खाली मखमल फाटलीये, तिच्या आत एक कागद घडी करून ठेवलेला मिळाला, बहुतेक पेटीत व्हायोलिन हलू नये म्हणून घातला असेल. सेकंड व्हायोलिनचा पार्ट आहे, एकच पान, बारा ओळी, काकांचंच अक्षर. गाण्याचं नाव नाही, सिनेमाचं नाव नाही, वर फक्त "साँग नं. ४" आणि पेन्सिलीने "हळू" असं मराठीत. चौथ्या ओळीनंतर आठ मात्रा गप्प, मग तीन सूर, मग परत गप्प. मला वाचता येतं पण सेकंड व्हायोलिनवरून गाणं ओळखणं म्हणजे नुसत्या चपलेवरून माणूस ओळखणं. उद्या उजेडात फोटो काढून इथे टाकतो, कुणाला जमलं तर बघा.